थोडा बर्फ, जोराचा वारा, कडाक्याची थंडी: शिकागो-मिनियापोलिसमधल्या पहिल्या हिवाळ्याची तयारी

शिकागो, मिलवॉकी, मिनियापोलिस या पट्ट्यात नव्याने राहायला आलेल्या मराठी मंडळींचा हिवाळ्यातला प्रश्न ठरलेला असतो: "किती बर्फ पडणार?" फोनवर "एक इंचापेक्षा कमी" असं दिसलं की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

मला इथे बरेच हिवाळे झाले आहेत आणि माझं मत नेमकं उलटं आहे. दहा इंच बर्फ पडणार असेल तर दोन दिवस आधीपासून गाजावाजा होतो, शाळा बंद राहतात, लोक किराणा भरून घरी बसतात. इंचभर बर्फाच्या दिवशी ऑफिस चालू, शाळा चालू, तुम्हीही रस्त्यावर. आणि त्या इंचभर बर्फाच्या मागून जो वारा आणि जी थंडी येते, ती माणसाला गाठते. म्हणून बर्फाच्या आकड्याआधी वाऱ्याची ओळ वाचायला शिका. पुढची सगळी तयारी त्या ओळीवर ठरते.

१. अंदाज कुठे वाचायचा

फोनमधल्या अ‍ॅपवरचं ढगाचं चित्र आणि दोन आकडे एवढ्यावर भागत नाही. अमेरिकेच्या सरकारी हवामान खात्याचं, म्हणजे नॅशनल वेदर सर्व्हिसचं, वेदर डॉट गव्ह हे संकेतस्थळ उघडा आणि आपला झिप कोड टाका. शिकागो परिसराचा अंदाज रोमिओव्हिलच्या कार्यालयातून निघतो, मिनियापोलिस-सेंट पॉलचा चॅनहॅसनच्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि आकड्यांसोबत वाक्यांत लिहिलेला अंदाज मिळतो.

त्याच पानावर दोन गोष्टी शोधून ठेवा. एक, तासागणिक तापमान, वारा आणि विंड चिल (वाऱ्यामुळे त्वचेला जाणवणारी थंडी) दाखवणारा आलेख. दुसरी, 'फोरकास्ट डिस्कशन'. यात हवामानतज्ज्ञ आपला अंदाज का असा आहे आणि खात्री कितपत आहे हे स्वतः लिहितात. भाषा थोडी तांत्रिक असते, पण आठवडाभर वाचलं की सवय होते. मोठ्या थंडीच्या आधी मी हे न चुकता वाचतो.

२. अंदाज कसा वाचायचा

नमुन्यादाखल जानेवारीतल्या एका मंगळवारचा अंदाज मराठीत मांडतो. असा मजकूर दर हिवाळ्यात तुमच्यासमोर येईल:

"मंगळवार: दुपारपर्यंत हलका बर्फ, ११ नंतर वाऱ्याने उडणारा बर्फ. तापमान घसरत संध्याकाळी ५ पर्यंत उणे ३ च्या आसपास. वारा वायव्येकडून ताशी २० ते ३० मैल, झोत ४० मैलांपर्यंत. नवा बर्फ एक इंचापेक्षा कमी. मंगळवार रात्र: आकाश निरभ्र, किमान उणे १४. विंड चिल उणे ३७ पर्यंत."

पहिली गोष्ट: हे सगळं फॅरनहाइटमध्ये आहे. आपलं डोकं सेल्सिअसमध्ये चालतं, त्यामुळे पाच आकडे पाठच करा. ३२ म्हणजे शून्य, १४ म्हणजे उणे १०, उणे ४ म्हणजे उणे २०, उणे २२ म्हणजे उणे ३०, आणि उणे ४० दोन्हीकडे उणे ४०. दर १८ अंश फॅरनहाइटला १० अंश सेल्सिअस, असा हिशोब आहे. वरच्या नमुन्यातली रात्र म्हणजे सुमारे उणे २६ सेल्सिअस.

दुसरी: "तापमान घसरत" हे शब्द दिसले की कान टवकारा. अशा दिवसाचं कमाल तापमान कित्येकदा मध्यरात्री किंवा पहाटेच नोंदलं जातं. अ‍ॅपवर "कमाल २४" दिसतं, सकाळी बाहेर बरं वाटतं, लोक हलकं जॅकेट घालून ऑफिसला जातात आणि संध्याकाळी पार्किंगमध्ये उणे तीनात वाऱ्यात उभे राहतात. कपडे परत येतानाच्या तासाचा आकडा बघून ठरवा. त्यासाठीच तासागणिक आलेख.

तिसरी: वाऱ्याची दिशा. हलका बर्फ, वारा आणि मागोमाग थंडी हे त्रिकूट बहुतेक वेळा 'अल्बर्टा क्लिपर' घेऊन येतो. कॅनडात रॉकी पर्वताच्या पूर्वेला, अल्बर्टाच्या बाजूला तयार होऊन वेगाने आग्नेयेकडे येणारा हा कमी दाबाचा पट्टा. समुद्रापासून दूर जन्मतो म्हणून ओलावा कमी, आणि म्हणूनच बर्फही सहसा एक ते तीन इंच. तो येण्याआधी वारा दक्षिणेकडून असतो आणि हवा थोडी उबदार होते. तो पुढे सरकला की वारा वायव्येकडून सुटतो आणि उत्तर ध्रुवाकडची हवा खाली ओतली जाते. बर्फ थांबला म्हणजे संकट टळलं असं समजू नका. सगळ्यात थंड रात्र बर्फानंतरची, आकाश निरभ्र आणि वारा मंदावलेला असताना येते, कारण बर्फाने झाकलेली जमीन उरलीसुरली ऊब वर सोडून देते.

चौथी: "वाऱ्याने उडणारा बर्फ". इतक्या थंडीत पडणारा बर्फ पिठासारखा कोरडा आणि हलका असतो. मुठीत दाबला तर गोळा होत नाही. वर एक थेंब पडत नसताना शेतातून उठलेला हा भुगा हायवेवर आडवा वाहतो आणि पुढच्या गाडीचे लाल दिवे दिसेनासे होतात. वाऱ्याचे झोत ताशी ३५ मैल किंवा जास्त आणि पाव मैलापलीकडचं दिसेनासं, अशी स्थिती तीन तास टिकली की तिला ब्लिझर्ड म्हणतात. त्या व्याख्येत किती इंच बर्फ पडला पाहिजे याचा उल्लेखच नाही.

पाचवी, विंड चिल. थंड हवा आणि वारा मिळून उघड्या त्वचेतली उष्णता किती वेगाने जाते याचा हा आकडा. आजचं सूत्र अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये स्वीकारलं. तापमान शून्य फॅरनहाइट आणि वारा ताशी १५ मैल असेल तर विंड चिल उणे १९ येतो, आणि उघडी त्वचा ३० मिनिटांत गोठू शकते. उणे ३५ च्या आसपास दहाच मिनिटं पुरतात. बसथांब्यावर उभं राहायचं असेल तर हा आकडा बघायचा. गाडीला आणि पाण्याच्या पाइपांना मात्र हवेचं खरं तापमानच लागू होतं. वाऱ्याने ती लवकर गार होतात, पण हवेपेक्षा जास्त गार होत नाहीत.

३. इशाऱ्यांची नावं

'वॉच' म्हणजे शक्यता आहे, तयारीला लागा. 'वॉर्निंग' म्हणजे धोका आला आहे किंवा येऊन ठेपला आहे. 'अ‍ॅडव्हायजरी' वॉर्निंगच्या एक पायरी खाली, पण दुर्लक्ष करण्यासारखी नाही. थंडीच्या इशाऱ्यांची नावं ऑक्टोबर २०२४ पासून बदलली आहेत: आता एक्स्ट्रीम कोल्ड वॉच, एक्स्ट्रीम कोल्ड वॉर्निंग आणि कोल्ड वेदर अ‍ॅडव्हायजरी. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'विंड चिल वॉर्निंग' असतं, ते हेच.

इशाऱ्याची मर्यादा ठिकाणाप्रमाणे बदलते. मिनेसोटात ज्या थंडीत इशारा निघत नाही, त्याच थंडीत टेक्सासमध्ये निघतो. म्हणजे आज इशारा नाही याचा अर्थ पुण्या-नाशिकहून गेल्या महिन्यात आलेल्या तुमच्यासाठी बाहेर ठीक आहे असा होत नाही.

'स्नो स्क्वॉल वॉर्निंग' वेगळी आहे. बर्फाची जोरदार सर अचानक येते, काही मिनिटांत रस्ता पांढरा होतो आणि हायवेवर एकामागून एक गाड्या आदळतात. यासाठी फोन कर्कश वाजू शकतो. वाजला तर निघू नका, रस्त्यात असाल तर पुढच्या एक्झिटने बाहेर पडा. थंडीच्या इशाऱ्यासाठी फोन आपणहून वाजेल यावर विसंबू नका.

४. कपडे

जाड जॅकेट भारतातून आणू नका. तिथे जे सगळ्यात जाड म्हणून मिळतं ते इथे ऑक्टोबरपुरतं असतं. इथे येऊन घ्या, पैसे जपायचे असतील तर गुडविलसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगली जॅकेटं मिळतात. वारा आत न शिरणारं, कमरेखालपर्यंत येणारं, टोपी जोडलेलं हवं.

थर तीन: अंगाला चिकटून थर्मल, वर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. आतला थर सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंग गार करतं. पायांनाही थर्मल लागतं, जीन्स एकटी वाऱ्यापुढे काही कामाची नाही. बोटं एकत्र राहणारे मिटन पाच बोटांच्या हातमोज्यांपेक्षा उबदार. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, म्हणजे जाड मोजा घालूनही बोटं हलतील. घट्ट बुटात पाय आधी गारठतात.

आणि माकडटोपी. आईने बॅगेत कोंबलेली ती टोपी बिनदिक्कत वापरा. उणे वीसमध्ये कान, गाल आणि हनुवटी झाकणारी वस्तू हवी असते आणि इथेही लोक तोच प्रकार घालतात.

संक्रांतीचं हळदीकुंकू नेमकं वर्षातल्या सगळ्यात थंड दिवसांत येतं. साडीखाली लोकरी लेगिंग आणि बूट घाला, चपला पिशवीतून न्या. गाडीपासून दारापर्यंत दोनच मिनिटं आहेत हे खरं, पण गाडी वाटेत बंद पडली तर त्या कपड्यांत तुम्ही किती वेळ तग धराल, हा विचार करून निघा.

५. घर

भाड्याच्या घराचा करारनामा काढून तीन गोष्टी वाचा: हीटिंगचा खर्च कोणाचा, बर्फ कोण काढणार, रात्री-अपरात्री फोन कोणाला करायचा. शिकागोत घरमालक हीटिंग पुरवत असेल तर १५ सप्टेंबर ते १ जून या काळात दिवसा घरात किमान ६८ आणि रात्री ६६ अंश ठेवणं त्याला बंधनकारक आहे. नसेल तर शहराच्या ३११ या क्रमांकावर तक्रार करता येते.

थंडीच्या आदल्या संध्याकाळी:

- बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, घरातली ऊब पाइपांपर्यंत पोचू द्या.
- त्या नळांना बारीक धार सोडून ठेवा.
- बाहेरच्या नळाचा बागेचा पाइप काढून टाका. हे खरं तर नोव्हेंबरमध्येच करायचं काम.
- पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दाखवा. पाइप फुटला तर पहिल्या मिनिटात तो बंद करणं महत्त्वाचं.
- कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासा.
- नव्या पद्धतीच्या फर्नेसचे (घर गरम करणाऱ्या यंत्राचे) पांढरे प्लास्टिक पाइप घराबाहेर जमिनीलगत निघतात. उडत्या बर्फाचा ढीग त्यांच्यावर साचतो आणि फर्नेस बंद पडते. बर्फ उडत असताना अधूनमधून ते मोकळे आहेत ना ते बघा.

गॅसची शेगडी किंवा ओव्हन पेटवून घर गरम करायला जाऊ नका. बार्बेक्यूची कोळशाची शेगडी तर घरात आणूच नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. अंगाशी येईपर्यंत कळत नाही.

६. गाडी

अशा थंडीत सगळ्यात आधी दगा देते ती बॅटरी. शून्य फॅरनहाइटच्या आसपास तिची ताकद निम्म्याहून कमी होते, आणि घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला जोर मात्र जास्त लागतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर नोव्हेंबरमध्ये तपासून घ्या. वाहनांच्या सुट्या भागांची बरीच दुकानं हे फुकट करतात. टायरची हवा दर १० अंश फॅरनहाइटला साधारण १ पीएसआयने उतरते, म्हणून पहिल्या थंडीत डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो. पंक्चर नसतं, हवा भरा. काच धुण्याचं उन्हाळी द्रावण गोठतं, उणे २० किंवा त्याखालचं लिहिलेलं घ्या. टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. विजेवरची गाडी असेल तर थंडीत पल्ला चांगलाच कमी होतो, प्रवासाचा हिशोब तसा करा.

गाडीत कायम ठेवायच्या वस्तू:

- ब्रश असलेला आइस स्क्रेपर आणि छोटं फावडं
- जंपर केबल किंवा चार्ज केलेला जंप स्टार्टर
- ब्लँकेट, जादा टोपी, मिटन, मोजे
- टॉर्च, फोनचा चार्जर, पाणी, चिक्की किंवा लाडू (गोठले तरी खाता येतात)
- टायरखाली टाकायला वाळू किंवा कॅट लिटरची (मांजराच्या शौचासाठी वापरतात त्या दाणेदार मातीची) पिशवी
- विम्याचं कार्ड, गाडीची नोंदणी आणि रोडसाइड सेवेचा नंबर, कागदावर लिहिलेला. थंडीत फोनची बॅटरी एकाएकी मान टाकते.

काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते. गॅरेजचं दार लावून इंजिन चालू ठेवू नका, आणि दार उघडं असलं तरी गाडी बाहेर काढूनच गरम करा. छपरावरचा बर्फ काढल्याशिवाय निघू नका, ब्रेक मारला की तो पुढच्या काचेवर येतो.

रस्त्याबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला कोणी सांगत नाही. रस्त्यावर टाकलेलं मीठ १५ फॅरनहाइटच्या खाली फारसं काम करत नाही. शिवाय अशा थंडीत गाड्यांच्या धुरातली वाफ सिग्नलपाशी रस्त्यावर गोठून पातळ, दिसत नाही असा थर बनतो. म्हणजे रस्ता काळा आणि कोरडा दिसतो आणि तरी गाडी सरकते. चौकाच्या बऱ्याच आधीपासून वेग कमी करा. पूल आणि उड्डाणपूल आधी गोठतात. मिनेसोटात निघण्यापूर्वी ५११ वर रस्त्याची स्थिती बघता येते.

शहराबाहेर गाडी अडकली तर गाडी सोडून चालत निघू नका. उडत्या बर्फात दिशा कळत नाही. ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन करा, सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ काढा, तासातून दहा मिनिटं इंजिन आणि हीटर चालवा, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित खाली ठेवा.

पार्किंगचा सापळाही लक्षात ठेवा. शिकागोत काही मुख्य रस्त्यांवर १ डिसेंबर ते १ एप्रिल पहाटे ३ ते ७ गाडी लावायला बंदी आहे, बर्फ असो वा नसो. गाडी उचलून नेतात. मिनियापोलिस आणि सेंट पॉलमध्ये 'स्नो इमर्जन्सी' जाहीर झाली की कुठल्या बाजूला कधी लावायची याचे नियम असतात. शहराच्या संदेशसेवेत नाव नोंदवा.

७. मुलं आणि आलेले आई-बाबा

शाळा बंद, दोन तास उशिरा की घरून, हे आदल्या रात्री किंवा पहाटे कळवतात. शाळेकडे दिलेला फोन नंबर आणि ईमेल बरोबर आहे ना ते आजच बघा. बंद नसेल तर मूल मधल्या सुट्टीत बाहेर जाऊ शकतं, म्हणून स्नोपँट, बूट आणि मिटनची एक जादा जोडी दप्तरात, नाव घालून. कार सीटमध्ये फुगीर जॅकेट घालून बसवू नका, पट्टे सैल राहतात. पट्टे आवळून बांधा आणि जॅकेट वरून पांघरा.

आई-बाबा आले असतील तर त्यांना सकाळच्या फेरीची सवय असते आणि ऊन बघून ते निघतात. इथलं जानेवारीचं लख्ख ऊन फसवं असतं, बहुतेकदा तोच सगळ्यात थंड दिवस. त्यांना मॉलमध्ये फिरायला न्या. ब्लूमिंग्टनच्या मॉल ऑफ अमेरिकामध्ये सकाळी चालणारे पुष्कळ ज्येष्ठ भेटतात, आणि मिनियापोलिस डाउनटाउनमध्ये दुसऱ्या मजल्यावरून इमारती जोडणारे स्कायवे आहेत. बाहेर चालावंच लागलं तर हात खिशाबाहेर, पावलं छोटी आणि सपाट टाकायची. रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी बर्फ काढायला फावडं हाती घेऊ नये. मदत करायची म्हणून ते आपणहून उठतात, आधीच सांगून ठेवा.

८. हिमदंश झाला तर

आधी बोट, कान, नाक झिणझिणतं आणि दुखतं. मग दुखणं थांबतं, आणि तेच धोक्याचं लक्षण. त्वचा पांढुरकी किंवा राखाडी, मेणासारखी घट्ट दिसते. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर रंगातला फरक पटकन दिसत नाही, म्हणून हात लावून बधिरपणा तपासा.

घरात या, ओलं काढा, कोमट पाण्यात तो भाग बुडवा. चोळू नका. आपल्याकडे तेल लावून खसाखसा चोळायची सवय आहे, ती इथे गोठलेल्या पेशींना इजा करते. हीटरसमोर किंवा गरम पाण्याच्या पिशवीवर धरू नका, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. बधिरपणा जात नसेल किंवा फोड आले तर डॉक्टरकडे जा.

माणूस थरथरता थरथरता थांबला, बोलणं अडखळू लागलं, गोंधळल्यासारखा वागू लागला तर शरीराचं तापमान धोकादायक उतरलं आहे. ताबडतोब ९११.

९. ऐन हिवाळ्यात भारतात जाताना

डिसेंबरच्या सुट्टीत आपल्यातली निम्मी मंडळी भारतात असतात आणि घर महिनाभर बंद. बिल वाचवायला थर्मोस्टॅट बंद करून जाऊ नका. ५५ अंशांच्या खाली कधीच नको, कडाक्याच्या लाटेचा अंदाज असेल तर त्याहून वर ठेवा. स्वतंत्र घर असेल तर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून नळ उघडून पाइप रिकामे करा. अपार्टमेंट असेल तर ऑफिसला तारखा ईमेलने कळवा, म्हणजे लेखी राहतं.

घराच्या विम्याचा कागद वाचा. घर रिकामं असताना हीटिंग चालू ठेवलं नसेल तर गोठून फुटलेल्या पाइपांचं नुकसान अनेक पॉलिसी भरून देत नाहीत. किल्ली जवळच्या मित्राला द्या आणि आठवड्यातून एकदा, व थंडीची लाट आली की दुसऱ्या दिवशी, आत डोकावून जायला सांगा. फर्नेस चालू आहे का, कुठे पाणी दिसतंय का, आणि बाहेरचे पांढरे पाइप मोकळे आहेत का, एवढं बघितलं तरी पुरे. तो मित्र फेब्रुवारीत भारतात गेला की त्याच्या घराची किल्ली तुम्ही घ्या.